बुडालेलं वर्ष

भाई कोतवालांविषयी आमच्या भागात जे सांगितलं जातं, त्यात शाळेचा भाग फार थोडा असतो. मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे कसे पाडले ते सांगतात, त्यांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटाच्या जंगलातल्या रात्री सांगतात, आणि २ जानेवारी १९४३ची सिद्धगडावरची पहाट तर पोरासोरांनाही माहीत असते. त्या पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी कोतवाल गेले, मानिवलीचे हिराजी पाटील गेले. कर्जत तालुक्यातल्या कळंबहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की सह्याद्रीची भिंत समोर येते, आणि सोबत कोणी जाणतं माणूस असलं तर ते हात करून सिद्धगडाची दिशा दाखवतंच. नेरळला हुतात्मा चौक आहे. कॉलेजची लोकल पकडायला निघालेल्या मुलांच्या किती पिढ्या तिथून गेल्या असतील. अशा मुलखात वाढलेल्याला कोणी मुद्दाम न शिकवता एक गोष्ट कळलेली असते, की वेळ आली म्हणजे पुस्तक मिटून उठायचं असतं.

मी आयुष्यभर याच मुलखात मास्तरकी केली. दरवर्षी ९ ऑगस्टला मुलांना कोतवालांची गोष्ट सांगितली, आणि सांगताना दरवर्षी मला तिचा आधीचा भाग जास्त खुणावत राहिला. माथेरानच्या एका गरीब नाभिक घरात १ डिसेंबर १९१२ला जन्मलेला हा मुलगा. चौथीपर्यंत माथेरानला शिकला, पुढची शाळा डोंगरावर नव्हती म्हणून पुण्यात नातलगांकडे राहिला. व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेत पुणे जिल्ह्यात पहिला आला. मग मॅट्रिक, कॉलेज, कायद्याची पदवी. त्या नाभिक घरातला मुलगा वकील होऊन माथेरानला परतला आणि तिथल्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. एवढ्यावर थांबला असता तरी आम्ही त्याचं नाव घेतलं असतं. पण तो डोंगर उतरून आमच्या गावांत आला. शेतकऱ्याला सावकाराच्या दारात उभं राहावं लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी स्वयंसेवी शाळा उघडल्या. हे सगळं १९४२च्या आधीचं. भारत छोडोचा ऑगस्ट उजाडला तेव्हा त्याच्या हाताखाली चालत्या शाळा होत्या.

जेमतेम तीस वर्षांचं आयुष्य. त्यातलं अर्ध्याहून अधिक शिकण्यात गेलेलं. ज्याने पुस्तक एवढ्या कष्टाने मिळवलं, त्याने ते सहज मिटलं असेल असं मला कधीच वाटलं नाही. मनोऱ्याच्या पायाला करवत लावणारा हात आणि खेड्यात फळा टांगणारा हात एकच होता. आम्ही मात्र मुलांना फक्त करवतीचं सांगत आलो.

आमच्या आळीत एक आजोबा होते. बेचाळीसच्या ऑगस्टात ते मॅट्रिकच्या वर्गात होते. शाळा सोडली, चिठ्ठ्या पोचवल्या, रात्री-अपरात्री कुणाकुणाला भाकरी नेऊन दिल्या. पकडले गेले नाहीत, त्यामुळे कुठल्याच कागदावर त्यांचं नाव लागलं नाही. पुढे सगळी हयात त्यांनी भातगिरणीत हिशेब लिहिण्यात काढली. अक्षर असं, की पावती फेकू नये. मी शिक्षक झाल्यावर त्यांना एकदा विचारलं, आजोबा, नंतर परीक्षेला का नाही बसलात? ते म्हणाले, "पुढल्या साली बसू म्हटलं. मग त्याच्या पुढल्या साली. शालेतून कुणी नाव काढलं नव्हतं रे, मीच परत गेलो नाय. आणि कुणी बोलवाया पण नाय आला." शेवटचं वाक्य त्यांनी तक्रार म्हणून काढलं नव्हतं. हिशेबातला आकडा सांगावा तसं सांगितलं. मला मात्र ते वाक्य पुढे अनेक वर्षं पुरलं.

कारण आंदोलनात शिक्षण सोडणाऱ्यांचा आपण मान राखतो, आणि राखायलाच हवा. नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता ९ सप्टेंबर १९४२ला गोळ्यांना सामोरा गेला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासोबत पडलेली चार मुलंही शाळकरी वयाचीच. त्यांच्यापुढे काही बोलू नये. पण जी मुलं त्या दिवशी मिरवणुकीतून जिवंत घरी गेली, त्यांचं पुढच्या सोमवारी काय झालं? शाळेने त्यांना आत घेतलं का? बुडालेला अभ्यास कोणी भरून दिला? गावोगावच्या अशा मुलांची गोष्ट कोणी लिहून ठेवली नाही. वर्ग सोडून बाहेर पडलेल्यांची नावं आपल्याकडे दगडावर कोरली जातात. वर्गाचं दार त्यांच्यासाठी उघडं ठेवणाऱ्यांची नावं मात्र शोधावी लागतात.

आणि परतलेल्यांचीही शोधावी लागतात. उषा मेहतांचं नाव काँग्रेस रेडिओमुळे घराघरांत पोचलं. बावीस वर्षांची ही मुलगी विल्सन कॉलेजातून पदवी घेऊन कायदा शिकत होती. बेचाळीसच्या हाकेला तिने तो अभ्यास सोडला आणि मुंबईत जागा बदलत-बदलत गुप्त रेडिओ चालवला. १२ नोव्हेंबरला पकडली गेली, येरवड्याच्या तुरुंगात वर्षं काढली, १९४६ साली सुटली तेव्हा तब्येत पार ढासळलेली होती. इथवर सगळे सांगतात. मला त्यापुढचं फार मोलाचं वाटतं. त्या पुन्हा विद्यापीठात गेल्या, गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर प्रबंध लिहिला, मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेतली आणि मग कित्येक वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. ज्या विचारासाठी अभ्यास सोडला, त्याच विचाराचा अभ्यास करायला ही बाई परत आली. वर्गात बसून तो विचार तपासून पाहायला, त्याची टिपणं काढायला, त्यावर प्रश्न घ्यायला वेगळं धैर्य लागतं. रेडिओच्या खोलीवर पडलेल्या छाप्याला सामोरं जाण्याइतकंच मला ते मोठं वाटतं.

परत येणारा एकट्याच्या बळावर येत नाही, हे मात्र खरं. असहकाराच्या हाकेला ओ देऊन ज्यांनी सरकारी कॉलेजं सोडली, त्यांच्यासाठी १९२१ साली पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ उभं राहिलं. तिथल्या पदवीवर सरकारी नोकरी मिळणार नव्हती, पण शिकणं थांबणार नव्हतं. बाहेर या असं सांगणाऱ्यांनी बाहेर एक वर्ग मांडून ठेवला होता. पुढाऱ्यांकडून एवढी अपेक्षा करणं मला गैर वाटत नाही.

यातलं सगळ्यात मोठं उदाहरण मला वाटतं ते १९३८चं आहे, आणि ते मराठी मुलांना ठाऊक नसावं याचं मला दुःख होतं. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातली मुलं शिकत होती. औरंगाबादला इंटरमीजिएट कॉलेज, पुढे जायचं तर हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ. शिक्षणाचं माध्यम उर्दू. म्हणजे घरी मराठी, पाटीवर मोडी-बालबोध, आणि विज्ञान, इतिहास, गणित सगळं उर्दूतून. मुलं ते करत होती. चांगले गुण मिळवत होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम म्हणण्यावर बंदी आली. मुलांनी म्हणणं सोडलं नाही. वसतिगृहातून बाहेर काढलं तरी सोडलं नाही. हे लोण हैदराबादच्या वसतिगृहांत गेलं, गुलबर्ग्याला गेलं, आणि बघता बघता शेकडो मुलांची नावं कॉलेजांच्या पटावरून गेली.

आता या मुलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. परभणीकडच्या, बीडकडच्या, नांदेडकडच्या एखाद्या शेतकऱ्याचा वा शाळामास्तरचा मुलगा. घरातला पहिला शिकणारा. गाणं म्हटलं म्हणून कॉलेज गेलं. माफी लिहून दिली तर परत जाता येईल, पण ती लिहायची नाही असं ठरलेलं. आणि उर्दूतून झालेलं अर्धं शिक्षण ब्रिटिश हद्दीतल्या कुठल्या कॉलेजात नेणार? संस्थानाबाहेर सगळीकडे इंग्रजी माध्यम. मुलं घरी परतली असती तर तिथेच त्यांचं शिक्षण संपलं असतं, आणि निजामाच्या अधिकाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं.

नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू तेव्हा टी. जे. केदार होते. त्यांनी या मुलांना आपल्या विद्यापीठात घेतलं. एका वाक्यात सांगून होणारी गोष्ट आहे, म्हणून ती कानाआड होते. पण एका विद्यापीठाने काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्यापीठाने प्रवेश द्यायचा म्हणजे पहिल्याचा निवाडा आम्हाला मान्य नाही असं जाहीर करणं असतं. नागपूर विद्यापीठ तेव्हा उणंपुरं पंधरा वर्षांचं. त्याच्या कुलगुरूने एका बलाढ्य संस्थानिकाच्या विद्यापीठाला हे उत्तर दिलं, तेही भाषण न ठोकता, प्रवेशाच्या अर्जावर सही करून. मुलं नागपूरला आली. नव्या गावात, नव्या भाषेत, थंडीच्या दिवसांत, अर्धं वर्ष सरलेलं असताना पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाली. त्यांतला एक तेलंगणातला मुलगा कायद्याची पदवी घेऊन परतला आणि पुढे देशाचा पंतप्रधान झाला. पी. व्ही. नरसिंह राव मराठी अस्खलित बोलत, हे आपल्याला माहीत असतं. ते ज्या वाटेने नागपूरला आले ती वाट कुणी उघडली, हे माहीत नसतं. पण मी केदारांना मोठं मानतो ते एका पंतप्रधानासाठी नाही. त्याच गाडीने आलेल्या, पुढे शिक्षक, वकील, मामलेदार झालेल्या, ज्यांची नावं आपण घेणार नाही अशा बाकीच्या सगळ्यांसाठी मानतो. त्या मुलांचं आंदोलन फुकट गेलं नाही ते या सहीमुळे.

आमच्या आजोबांना असा कोणी केदार भेटला नाही. त्यांना कुलगुरूची गरजही नव्हती. शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला असता तरी भागलं असतं.

मराठवाड्याचं नाव काढलं की पुढचं टाळता येत नाही. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि विद्यार्थ्यांच्या नावाने जे आंदोलन त्याविरुद्ध उठलं, त्याने खेड्यापाड्यांतली दलित वस्ती जाळली. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंचा जीव घेतला. मी इथे तोलूनमापून बोलणार नाही. विद्यार्थ्यांचा असंतोष हा शब्द मी प्रेमाने वापरतो, पण त्या ऑगस्टात जे झालं त्याला मी तो शब्द लावू शकत नाही. जळालेल्या घरांमध्ये दप्तरंही होती. ज्या माणसाच्या नावाला विरोध झाला, त्याने १९५०मध्ये, म्हणजे विद्यापीठ जन्माला यायच्या आठ वर्षं आधी, औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं होतं. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची जी काही वाट पडली होती, ती पाडणाऱ्यांत तो पुढे होता. त्याच्या वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलाने त्या वर्षी परीक्षा कशी दिली असेल? गावाकडून काय बातमी येईल याची धास्ती मनात, सुट्टीत घरी जावं की नाही हे कळत नाही, आणि उशाला मात्र अर्थशास्त्राचं पुस्तक. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. पहिलीत बसलेलं मूल पदवी घेऊन बाहेर पडावं एवढा काळ मध्ये गेला. तेवढ्या काळात जी मुलं शिकत राहिली, मोर्चात चालली आणि परत येऊन दिव्याखाली बसली, त्यांच्यातून आज मराठीला लेखक मिळाले, प्राध्यापक मिळाले, न्यायालयात उभे राहणारे वकील मिळाले. अभ्यास करणं हाच त्यांचा प्रतिकार होता, असं कुणी म्हटलं तर मला ते जरा सोपं वाटतं. ती मुलं दोन्ही करत होती, आणि दोन्हीची किंमत त्यांनी वेगवेगळी मोजली.

ही वेगवेगळी किंमत म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळत होतं. पुतणीमुळे ते घरात कळलं.

माझा धाकटा भाऊ कळंबजवळ एका फार्महाऊसची राखण करतो. कर्जत तालुक्यातल्या पुष्कळ घरांची चूल आता अशाच पगारावर पेटते. त्याची मुलगी बी.एस्सी. झाली आणि राज्यसेवेच्या तयारीला पुण्याला गेली. नवी पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, मेसचा डबा, आणि दिवसभर अभ्यासिका. मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती अभ्यासिका पाहून आलो. दाराबाहेर चपलांचा हा ढीग. आत लाकडी फळ्यांनी पाडलेले खण, प्रत्येक खणात एक डोकं खाली वाकलेलं, भिंतीला चिकटवलेले नकाशे, कुणी स्वतःच्या नावाआधी हवं ते पद लिहून ठेवलेलं. दुपारी तीनला सगळे चहाच्या टपरीवर येतात आणि तिथे एकच भाषा चालते: जाहिरात कधी, जागा किती, कट ऑफ किती लागेल, अटेम्प्ट कितवा. महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याची बोली त्या टपरीवर ऐकू येते. घरची शेती सांगताना सगळे कमीच सांगतात.

या पोरांनी गेल्या काही वर्षांत जे पाहिलं ते आमच्या पिढीने पाहिलं नव्हतं. मार्च २०२१मध्ये राज्यसेवेची परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली गेली, आणि शास्त्री रस्ता पोरांनी भरून गेला. २०२३च्या फेब्रुवारीत मुख्य परीक्षेचा वर्णनात्मक नमुना लगेच लागू करू नका म्हणून मुलं पुन्हा रस्त्यावर बसली, आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने तो २०२५पासून आणायचं मान्य केलं. आणि २०२४च्या ऑगस्टात पुन्हा. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा २५ ऑगस्टला होती. त्याच दिवशी आयबीपीएसची बँकेची परीक्षा. शिवाय कृषी सेवेच्या २५८ जागा त्या जाहिरातीत घेतल्या नव्हत्या. ज्याने दोन्हीकडे अर्ज भरलाय त्याने एक पाऊल कुठे टाकायचं? प्रश्न रास्त होता. २० तारखेच्या रात्रीपासून मुलं शास्त्री रस्त्यावर बसली.

त्या रात्री पुतणीचा फोन आला. आवाजात झोप नव्हती. ती म्हणाली, "काका, माझी बँकेची परीक्षा नाहीये. माझी तयारी २५ तारखेची आहे. परवाच्या टेस्टला मला आतापर्यंतचे सगळ्यात चांगले मार्क पडलेत. पण माझ्या शेजारच्या खणात बसते ना, तिची दोन्हीकडे आहे. ती खाली जाऊन बसलीय. मी काय करू?"

मी शिक्षक. आयुष्यभर मुलांना उत्तरं दिलेली. मी तिला म्हटलं, तुला जे वाटतं ते कर, पण जेवून जा. ती जेवली, खाली गेली, मैत्रिणीशेजारी तासभर बसली, मग वर येऊन आधुनिक भारताची उजळणी केली. दुसऱ्या दिवशीही तसंच. रस्त्यावर घोषणा चाललेल्या, आणि वर खिडकीशी ती बेचाळीसचं प्रकरण वाचतेय. दोन दिवसांत आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. खाली जल्लोष झाला. तिने मला फोन केला आणि म्हणाली, "काका, झालं ते बरोबरच झालं. पण माझं भाडं कोणी पुढे ढकलेल का?"

परीक्षा १ डिसेंबरला झाली. मधल्या महिन्यांची खोली, डबा, अभ्यासिका या सगळ्याचे पैसे भावाच्या त्या राखणीच्या पगारातून गेले. ज्यांच्या घरी शहरातलं स्वतःचं छप्पर आहे त्यांना तीन महिने म्हणजे उजळणीला मिळालेला वेळ. तिच्यासारखीला तीन महिने म्हणजे कर्ज. म्हणून आंदोलन चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. तिनेही म्हटलं नाही, आणि नुकसान तिचं झालं होतं. चूक कुणाची असेल तर ती दोन परीक्षा एका दिवशी येऊ देणाऱ्या व्यवस्थेची. मोर्चात न गेलेला मुलगा स्वार्थी आणि मोर्चात गेलेला उडाणटप्पू, अशी वाटणी जी वडीलधारी मंडळी चहा पिता पिता करतात, तिचा मात्र मला मनापासून राग येतो. त्या रस्त्यावर बसलेली पोरं अभ्यासाला कंटाळलेली नव्हती. ती अभ्यासाच्या हक्कासाठी बसली होती. आणि वर वाचत बसलेल्यांना खालच्यांची पर्वा नव्हती असंही नव्हतं. माझ्या पुतणीसारखी कित्येक जण एकाच दिवसात दोन्हीकडे होती.

मला त्या दिवसांत आणखी एक गोष्ट खुपली. पुण्यातल्या मोर्चाला निदान कॅमेरे येतात. मुलं रस्त्यावर बसली की दोन दिवसांत मंत्रालय हलतं. आमच्या इथली काही मुलं मात्र दरवर्षी अर्धं वर्ष गमावतात आणि त्यासाठी कुणी घोषणा देत नाही.

भाताची कापणी-झोडणी उरकली, दिवाळी झाली, की कळंबच्या आसपासच्या कातकरी वाड्यांवर वीटभट्टीवाल्यांच्या गाड्या यायला लागतात. उचल आधीच घेतलेली असते, म्हणून जावंच लागतं. कल्याण, भिवंडी, पनवेलकडच्या भट्ट्यांवर आई-बाप विटा पाडतात आणि मुलं धाकट्या भावंडांना सांभाळतात, कच्च्या विटा पालथ्या करतात. पाऊस तोंडावर आला की वाडीवर परततात. तोवर शाळेचं वर्ष संपलेलं असतं. मी वर्गशिक्षक होतो तेव्हा दर जानेवारीला हजेरी घेताना अर्ध्या नावांपुढे गैरहजरीची खूण करावी लागे. हरताळ पाळल्यासारखा वर्ग. पण कुणीच हरताळ पाळलेला नव्हता.

२०१०पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. पुढची काही वर्षं आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नव्हतं. तो हेतू चांगलाच होता. नापासाच्या शिक्क्याने किती मुलं शाळेबाहेर गेली ते मी पाहिलंय. पण भट्टीवरून परतलेल्या मुलाला वरच्या वर्गात बसवणं म्हणजे परत आणणं नाही. पटावर नाव पाचवीत आणि येणारे पाढे दुसरीतले. ते मूल जूनमध्ये बाकावर बसतं, फळ्यावर जे चाललंय ते त्याला परकं असतं, आणि श्रावण यायच्या आत ते गुरांमागे गेलेलं असतं. त्याला हाक मारून परत बोलवावं लागतं, आणि नुसतं बोलवून भागत नाही. गेलेले महिने कुणीतरी त्याच्यासोबत बसून भरून द्यावे लागतात. मी शाळा सुटल्यावर तास घेतले. काही मुलं टिकली. फार नाहीत. ज्यांच्या घरी मी स्वतः गेलो त्यांतली जास्त टिकली, एवढं मला नक्की सांगता येईल. नागपूरला केदारांनी जे शेकडोंसाठी केलं ते वाडीवर एकेकासाठी करावं लागतं. तिथे सही पुरत नाही, पायपीट लागते.

आपल्याकडे शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं, याद्या निघतात. मुलगा भट्टीवर गेला तर तिथल्या शाळेने त्याला सामावून घ्यावं असंही ठरलेलं आहे. हे सगळं आवश्यकच. पण ज्या मास्तरच्या पटावर ते नाव आहे त्याने हंगाम संपता संपता वाडीवर जाऊन उभं राहिलं पाहिजे, याला मला दुसरा इलाज सापडला नाही. विद्यापीठांनीही हेच करावं. मोर्चात सापडलेल्या, अटक झालेल्या, किंवा भीतीने गावी निघून गेलेल्या मुलाच्या घरी विद्यापीठातून एक फोन जावा, तुझी परीक्षा आम्ही अमुक तारखेला घेऊ, ये. शिस्तभंगाची नोटीस जितक्या तत्परतेने पोचते तितक्या तत्परतेने हा फोन का पोचू नये?

पुतणी सध्या घरी आहे. पुण्याची खोली सोडली, अभ्यास सोडलेला नाही. पहाटे चारला तिच्या खोलीत दिवा लागतो. संध्याकाळी वाडीवरची पाच-सहा मुलं तिच्याकडे येतात, भट्टीवरून परतलेली. मी तिला सांगितलं नव्हतं, तिनेच त्यांना आणलं. पाढे बरे चाललेत, वाचन अडखळत का होईना सुरू झालंय. घोडं अडलंय ते भागाकारावर. बाकी काढली की पुढचा अंक खाली उतरवायचा राहतो आणि तिथून सगळं उत्तर चुकतं. तिने आता रंगीत खडू आणलाय, खाली उतरवायच्या अंकाला ती लाल गोल करून देते.